तेरावी बरणी

“परत आला? अहो ड्रायव्हरभाऊ, ट्रक आहे का रबरी चेंडू, भिंतीवर आपटला की माघारी यायला?”

“काकू, माझ्यावर डोळे वटारून काय होणार? त्यांच्या फाटकावरच्या यंत्रानं नाकारला.”

“कारण काय दिलं?”

“दोनच शब्द. मेळ नाही.”

“दोन शब्दांपायी ऐंशी खोकी फिरून आली. आमचा म्हातारासुद्धा भांडताना चार शब्द तरी बोलायचा.”

काचेच्या बरण्यांच्या त्या कारखान्यात बांधणीची शेड काकूंच्या ताब्यात होती. सगळे त्यांना मोजणीकाकू म्हणत. एकोणतीस वर्षांपूर्वी भट्टीवर काच फुंकणाऱ्या नवऱ्याचा डबा घेऊन आल्या, एक बाई आजारी होती म्हणून तासभर हातभार लावायला बसल्या, त्या काही उठल्या नाहीत. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मोजायच्या. चार बोटं, बारा पेरं, झाला डझन. करंगळीचं टोक एका फुटक्या बरणीनं कधीच नेलं होतं, तरी अंगठा तिथं हवेत टेकायचा आणि बारावा आकडा बिनचूक पडायचा. तोंडानं कुणाची उणीदुणी काढत असल्या तरी अंगठा आपल्या वाटेनं चाललेला असे.

निम्म्या बरण्या नदीपलीकडच्या जॅमच्या कारखान्यात जायच्या. तिथून दोन महिन्यांपूर्वी फर्मान आलं. फोनवरची मागणी बंद, चिठ्ठीचपाटी बंद. आमचा संगणक तुमच्या संगणकाला मागणी सांगेल, ट्रक निघाला की तुमच्यानं आमच्याला कळवायचं आत काय आहे. फाटकावरचा काटा एकेक खोकं तोलेल आणि त्या निरोपाशी ताडून बघेल. तीनदा मेळ चुकला की बरण्या दुसरीकडून.

काटा बसला गेल्या आठवड्यात, तेव्हा एकदा झालं होतं, हे दुसरं. परत आलेला हाच माल आज चारच्या आत पोचवायचा होता. तिसऱ्यांदा माघारी आला तर दोन भट्ट्यांतली एक विझणार होती आणि बांधणीतल्या सहा बायका घरी बसणार होत्या. कोणत्या सहा, ते काकूंनीच सांगायचं होतं. शेडकडं बघायचं त्या सकाळपासून टाळत होत्या.

“हे यंत्रच खुळं आहे,” शेडपलीकडच्या खोलीत संगणकापुढं बसलेला कारकून म्हणाला. “फोन करून सांगू, आकडा तिकडंच दुरुस्त करा म्हणावं.”

“तिकडं बदलता येतो?”

“नाही. निघाला की निरोपाला मोहोर लागते. वाटेत कुणी एक शून्य हलवलं तरी त्यांना कळतं.”

“मग बरंच आहे की. त्याला कशाला नावं ठेवता?”

काकू असं म्हणाल्या त्याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी जॅमवाल्यांच्या भांडारप्रमुखाच्या आवाजात कुणी फोन केला, “ताई, जरा घाई आहे” म्हणाला, आणि काकूंनी स्वतः उभं राहून ट्रक भरून दिला. तो ट्रक कुठं गेला ते आजपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून जॅमवाल्यांशी फोनवर बोलायचं झालं की काकू आधी विचारत, “गुडघा कसा आहे?” खरा भांडारप्रमुख म्हणे, “उजव्याला काय धाड भरलीय, डावा विचारा.” मगच पुढचं बोलणं.

बोलता बोलता त्यांची नजर संगणकाच्या कडेला गेली. तिथं दोन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

“हे काय?”

“पासवर्ड. विसरतो ना मी.”

“वा. कुलूप लावलं आणि किल्ली कडीलाच टांगली. आणि दुसरी चिठ्ठी कुणाची?”

कारकून चष्मा पुसू लागला. “तशी तुमचीच. निरोप लिहिणाऱ्याची एक किल्ली आणि माल मोजणाऱ्याची एक, दोन्ही लागल्याशिवाय निरोप निघत नाही. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास. दोन्ही मीच दाबत होतो.”

“म्हणजे माझ्या नावानं मी न बघितलेला आकडा गेला?”

“मागणीत होता तोच घातला. चार हजार आठशे.”

काकूंनी भांडारप्रमुखाला फोन लावला. गुडघ्याची चौकशी झाली, डाव्याचा हालहवाल आला, मग त्यांनी विचारलं, “मेळ नाही म्हणजे नेमकं काय नाही हो?”

“ताई, तुमचं एकेक खोकं पाच बरण्यांनी जड भरतंय.”

“भरणारच. डझनामागं एक जादा, खोक्यात पाच डझन. सासूबाईंनी शिकवलेलं आहे ते. वाटेत फुटलं तर घेणाऱ्याला खोट नको.”

इकडं कारकुनाचा चष्मा हातातच राहिला. बावीस वर्षं तो पलीकडच्या खोलीत बसत होता आणि खोक्यात पासष्ट असतात हे त्याला आज कळत होतं. काकूंना वाटत होतं, हे तर भट्टीच्या मांजरालाही ठाऊक आहे.

“आता एक खरं सांगा,” काकू फोनवर म्हणाल्या. “फुटतात किती?”

पलीकडं जरा खाकरणं झालं. “रस्ता चांगला झाल्यापासून खोक्याला एखादी. उरलेल्या... ताई, आमच्याकडच्या कामगारांत असं घर नाही, जिथं मीठ तुमच्या बरणीत नाही.”

“अस्सं. आणि मला वाटायचं, आमच्या मालाला तिकडं मान आहे.”

“मानच आहे की. हमाल तुमचीच खोकी आधी उतरवतात.”

काकूंना हसू आलं, पण घड्याळाकडं बघून त्यांनी ते गिळलं. ऐंशी खोकी उघडून, पेंढा उपसून चारशे बरण्या काढायला दिवस मावळला असता. त्यांनी तसं सांगितल्यावर भांडारप्रमुख म्हणाला, “काढू नका. निरोपात ‘जादा नग’ म्हणून रकाना आहे. कुणी भरत नाही, पण काट्याला तो वाचता येतो. आधीचा निरोप रद्द करा, नवा पाठवा.”

कारकुनानं लिहिलं. नग चार हजार आठशे, जादा चारशे. काकूंनी आकडा दोनदा वाचायला लावला. मग त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या, फाडल्या आणि तुकडे भट्टीत टाकून आल्या.

“आता माझी किल्ली मीच नवी करून घालते. तिकडं बघा.”

“माझ्यापासूनसुद्धा लपवणार?”

“तुमच्यापासूनच.”

एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी नवा पासवर्ड घातला. कारकून भिंतीकडं तोंड करून उभा होता, पण त्याचे कान टकटक मोजत होते.

“काकू, गुडघा तर नाही ना ठेवला?”

“ठेवला होता. आता बदलावा लागेल,” असं म्हणून त्यांनी खरोखर बदलला.

ट्रक सव्वादोनला निघाला. चारला वीस मिनिटं कमी असताना पडद्यावर दोनच शब्द उमटले, माल घेतला. कारकुनानं खिडकीतून हाळी दिली. शेडमधल्या बायकांनी मान वर करून काकूंकडं पाहिलं. काकूंनी सकाळपासून पहिल्यांदा त्या सगळ्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं.

“बघताय काय? उद्यापासून खोक्याला एकच जादा. आणि जी जादा, ती खडूनं खोक्यावर लिहायची. दिलं ते सांगून द्यायचं.”

“आणि त्यांच्या मिठाचं काय, काकू?” एकीनं विचारलं. फोनवरची मिठाची गोष्ट एव्हाना शेडभर झाली होती.

“बरण्या विकत घ्याव्यात. कारखाना चालायला नको का आपला?”

असं बोलत त्या पाटावर टेकल्या, पुढच्या खोक्यात पेंढा अंथरला आणि अंगठा पहिल्या पेरावर ठेवला.