सुखात पहिलं आलेलं गाव

साळूबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणून आहे. सिन्नरहून शेअर जीपने जावं लागतं अशा या गावात ती नांदायला आली तेव्हापासून तिने कुणाला सोडलेलं नाही. भाजीवाल्याचा काटा असो की रेशनच्या तांदळातले खडे, तिची सरबत्ती सुरू झाली की समोरचा निमूटपणे माल बदलून देतो. एकदा एसटी फाट्यावर थांबली नाही, तर बाईने आरडाओरडा करून ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला लावली होती.

पण हा सगळा दरारा घराबाहेरचा. घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, यावर ती ठाम. कुणी "बरंय ना?" विचारलं की "झकास!" म्हणायचं, मग आत पिठाचा डबा का खडखडत असेना. तशी ती एकटी नाही, सगळं गावच असं आहे.

साळूबाईचं घर चालतं ते सुनेच्या पगारावर. सविता सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंग करते. तिचा नवरा मल्हारी पिकअप चालवतो, पण त्याची कमाई घरी पोचेपर्यंत वाटेतच जिरते. साळूबाई स्वतः कांद्याच्या चाळीत निवडायला जाते आणि म्हातारा चिमाजी शेळ्या राखतो. मोठा नातू सुयश शाळेत जातो. धाकटी वेदिका चार वर्षांची, ती दिवसभर ग्रामपंचायतीमागच्या पाळणाघरात असते. नाशिकची एक संस्था ते चालवते. तिथे पोर सोडायची आणि कंपनीची गाडी गाठायची, हा सविताचा रोजचा शिरस्ता. तिच्यासारख्या कितीतरी बायका त्या दोन खोल्यांच्या जिवावर कामाला जातात.

याच संस्थेच्या मनात आलं, की तालुक्यातल्या गावागावांत मुलांचं आणि कुटुंबांचं कसं काय चाललंय ते एकदा मोजावं. हेतू चांगला होता. जिथे हाल जास्त तिथे मदत जास्त. पण अशा गावात सुख मोजायला माणसं धाडायची तर जरा डोकं चालवायला नको? त्यांनी मनाली नावाची एक पोर पाठवली, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. बिचारी उन्हातान्हात दारोदार हिंडली, तिला बोल लावायला जीभ रेटत नाही. तिला प्रश्न देणाऱ्यांना मात्र कुणीतरी चार शब्द सुनवायलाच हवेत. प्रश्न विचारायचे सुनेला, आणि कुठे, तर अंगणात! बाजेवर सासरा, ओट्यावर सासू, आणि कुंपणापलीकडे शेजारीण कान टवकारून बसलेली. या गावात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, हे नाशिकच्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नसावं, याची कमाल वाटते.

साळूबाईच्या अंगणातही तेच झालं. रविवार होता, म्हणून सविता आणि पोरं घरीच होती. सविता पदर सावरून चौकटीला टेकली. चिमाजी तंबाखू मळत होता.

"ताई, घरात कधी कुणाला अर्धपोटी झोपावं लागतं का?" मनालीने विचारलं.

सविताने सासूकडे पाहिलं.

"आमच्या घरात काय बी कमी नाय," साळूबाई म्हणाली.

"मुलं वरचेवर आजारी पडतात?"

"दोन्ही टुणटुणीत हायेत."

"घरात कुणी दारू पितं? भांडणं, मारहाण?"

चिमाजीचा अंगठा तळव्यावरच थांबला. सविता जमिनीकडे बघत राहिली.

"तसलं काय नाय बाई आमच्यात," साळूबाईने ठणकावलं. "तू चहा घे, गार व्हतोय."

आदल्याच रात्री मल्हारीने झिंगून येऊन भरलं ताट भिंतीवर मारलं होतं. वेदिकाचा खोकला महिनाभर हटत नव्हता, आणि मनाली प्रश्न विचारत होती तेव्हाही ती आत खोकतच होती. मनालीला ऐकू आलं नसेल असं नाही. पण टॅबवर "नाही" दाबलं की पुढचा प्रश्न येतो, आणि अजून अख्खी आळी बाकी होती. घरोघर हेच झालं. सगळ्या सासवांनी उत्तरं दिली, सगळ्या सुनांनी जमीन पाहिली, आणि मनाली भरपूर चहा पिऊन नाशिकला परत गेली.

निकाल लागला. मुलांच्या आणि कुटुंबांच्या सुखात गाव तालुक्यात पहिलं! सरपंच नाथाभाऊंनी वेशीवर फ्लेक्स लावला. त्यावर त्यांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा, आणि ज्या मुलांच्या सुखाचा हा सगळा गाजावाजा, ती खाली कोपऱ्यात मुंग्यांएवढी.

ग्रामसभेत सत्कार झाला. संस्थेच्या साहेबांनी नाथाभाऊंना शाल घातली, टाळ्या झाल्या, आणि त्याच दमात साहेब म्हणाले, "तुमचं गाव आता आपल्या पायावर उभं आहे. त्यामुळे इथलं पाळणाघर पुढच्या महिन्यापासून आम्ही जास्त गरज असलेल्या गावात हलवतोय."

याला काय म्हणावं! पोरं ज्याच्या आधाराने सांभाळली जातात तेच काढून घ्यायचं, आणि वर शाल द्यायची. पाळणाघर गेलं की सविताची नोकरी गेली, आणि नोकरी गेली की घर बसलं.

साळूबाई तरातरा उठली. "ओ सायेब! आमी सुखी हाय म्हणून आमची पोरं रस्त्यावर टाकता व्हय?"

"आजी, ही माहिती तुम्हीच दिली आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "आम्ही मनाने काही लिहिलेलं नाही."

खरंच होतं ते. पण गप्प बसेल ती साळूबाई कसली.

"मंग खोटं बोलले मी!" ती कडाडली. "माझा मल्हारी पितो. ताटं फेकतो, बायकोवर हात उचलतो. धाकटी पोर खोकून खोकून अर्धी झाली. समद्या गावाला ठावं हाय, आन समदं गाव खोटं बोललं! पर तुमी तरी काय इचारलं? सासऱ्याम्होरं सुनंला इचारता, नवरा मारतो का म्हणून? तुमच्या घरी कुणी असं इचारलं आस्तं, तर तुमच्या बायकोनं काय सांगितलं आस्तं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. चिमाजी मुकाट्याने उठून बाहेर गेला.

"साळूकाकू, गावाची लाज काढता का?" नाथाभाऊ पुटपुटले.

"तुझं थोबाड फ्लेक्सावर मावलं, लाज तेवढी मावली नाय व्हय रं?" साळूबाई म्हणाली, आणि मागे बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

साहेबांबरोबर आलेली मनाली पुढे आली. ती साहेबांना हळूच म्हणाली, "सर, मला तेव्हाच जाणवलं होतं. पुन्हा मोजूया."

साहेबांनी विचार केला. "ठीक आहे. पुन्हा मोजू, निकाल लागेपर्यंत पाळणाघर इथेच राहील. पण या वेळी सुनांनी स्वतः बोललं पाहिजे. सासवांनी नाही. आत्ता इथे बोलणार आहे का कुणी?"

एकही सून हलली नाही. साळूबाईने सविताचा दंड धरून तिला उभं केलं. "बोल. कुणाला भ्यायचं कारण नाय. मी हाय ना हितं."

सविता बोलली. आधी चाचरत, मग जरा मोठ्याने. नवऱ्याच्या दारूचं बोलली, वेदिकाच्या खोकल्याचं बोलली. मनालीने टॅबवर सगळं घेतलं. साळूबाई सभोवार नजर फिरवत होती, कुणी मध्ये बोलतंय का बघायला.

"घरात खाण्यापिण्याच्या बाबतीत मुलांमध्ये काही फरक होतो का?" मनालीने विचारलं.

सविता थांबली. तिने सवयीने सासूकडे पाहिलं.

"आता बोल की! खरं काय ते सांगून टाक!" साळूबाई खेकसली.

"व्हतो," सविता म्हणाली. "दूध सुयशला मिळतं. वेदिकाला नाय. तिनं मागितलं तर चापट बसती. डॉक्टर म्हणले, पोरीच्या अंगात ताकदच नाय. मी आणलेलं दूधबी सासूबाई त्यालाच देत्यात."

सगळ्यांच्या माना साळूबाईकडे वळल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिची ही हिंमत, भर सभेत, माझ्या नावानं! 'सून खोटं बोलते' एवढं जरी तिने म्हटलं असतं, तर गावाने साळूबाईवरच विश्वास ठेवला असता. सविताही पुढे काही बोलली नसती, आणि तिच्यामागून दुसरी कुठली सून उठलीही नसती.

मनालीचं बोट टॅबवर अधांतरी थांबलं होतं. ती म्हातारीकडे बघत होती.

"माझ्याकडं काय बघतीस?" साळूबाई तिच्यावर ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "ती सांगतीया ना? लिव."