मोटेचं कडं आणि आमची टीम

आमच्या टीमचे किस्से सांगायला मी बसलो, असं म्हणणं चूक आहे. मी कधी बसलोच नाही. आजही जुने खेळाडू भेटले की मी खोलभर येरझारा घालतो, त्यांच्या माना माझ्यामागं फिरतात आणि एका किश्श्यातून दुसरा निघतच राहतो.

*

निजामाचं राज्य होतं. घरी कानडी, वर्गात उर्दू, बोर्डिंगात मराठी! मुरुमहून धाराशिवला शिकायला आलो आणि तिन्ही भाषांत मुका झालो. कुणाशी ओळख नाही, कशात जीव रमेना. चौथ्या दिवशी वळकटी उचलली आणि येडशीच्या रस्त्याला लागलो. स्टेशन तिकडं होतं, आणि आगगाडी घरी नेते एवढंच मला ठाऊक!

मागून सायकलवर आमचे ड्रिल शिकवणारे खादर मास्तर आले. मूळचे हैदराबादचे. हँडलला बास्केटबॉल लटकलेला.

“क्या रे, किधर जारा?”

“घरी. मुरुमला.”

“मुरुम पीछे है! तू उल्टा जारा!”

त्यांनी वळकटी सायकलवर घेतली आणि बॉल माझ्या हातात दिला. परतीची सगळी वाट मी तो आपटत चाललो.

*

बॉल होता, पण तो टाकायला रिंग नव्हती. जळकोटचा खंडू आमच्यात सगळ्यात उंच. तो सुट्टीत घरी गेला आणि विहिरीवरच्या मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं घेऊन आला. आम्ही ते झाडाला ठोकलं. आठ दिवसांनी त्याचे वडील तणतणत ग्राउंडवर हजर!

“माज्या मोटेचं कडं कुनी आनलं?”

खंडू झाडामागं. मास्तर म्हणाले, “पाच मिनट खेल देखो, फिर लेके जाव.”

वडील उकिडवे बसले. खंडूनं भीत भीत तीन बॉल टाकले, तिन्ही हुकले. वडील ताडकन उठले.

“ऱ्हाऊ द्या तितंच! म्या दुसरं करून घेतो. पर ह्यानं एक तरी घातल्याबिगर ह्याला घरी धाडू नगा!”

*

पहिले काही दिवस मी एकाच हातानं खेळायचो. दुसरा हात छातीवर. मास्तरांना वाटलं हात दुखतोय. ते तेलाची बाटली घेऊन आले! खरं सांगायची मला लाज वाटायची. आम्ही लिंगायत. उडी मारताना गळ्यातलं इष्टलिंग निसटलं तर काय करायचं, या धास्तीनं मी अर्धा व्हायचो.

शेवटी खंडूला सांगितलं. त्यानं डोक्याचा पटका सोडला, माझ्या छातीला तीन वेढे दिले आणि गच्च गाठ मारली.

“तुज्या देवाची काळजी आता मला. तू पास दे!”

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, मी इथलाच आहे.

*

पुढं मास्तरांनी धाकटी टीम माझ्याकडं दिली. कोचनं रेषेबाहेर उभं राहायचं असतं, हेच मला जमेना. एका मॅचमध्ये बॉल माझ्यासमोरून बाहेर चालला होता. मी आत उडी मारली, तो झेलला आणि कड्यात घातला!

पाहुणी टीम खवळली. मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले, “इसको बांध के रखो!”

पोरं आज्ञाधारक. पुढच्या मॅचला त्यांनी मला खरंच खांबाला बांधलं. वर एकानं काळजीनं विचारलं, “दादा, गाठ ढिली न्हाय न्हवं?”

*

संस्थान विलीन झालं त्या दिवसांत शाळा बंद होती. गावात भीती होती, कुजबुज होती. खादर मास्तर दार लावून आत बसले होते. ते कायमचे हैदराबादला निघालेत, उद्याचा टांगाही सांगून ठेवलाय, असं कळलं. मी दोनदा दार ठोठावलं. आतून आवाज नाही. मला अन्न गोड लागेना. ज्यानं मला या गावात आणून ठेवलं, तोच गाव सोडून निघाला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा दाराशी येऊन उभा राहिला. आम्ही टीमचे पाचही जण तिथं गेलो. या वेळी दार ठोठावलं नाही. मी बॉल काखेत मारला आणि दारासमोरून नुसताच चालायला लागलो. बॉल न आपटता दोन पावलांच्या वर चालणं हा फाउल, आणि मास्तर बाकी सगळं खपवून घेत, हा फाउल नाही.

“मोठ्यानं मोज,” खंडू म्हणाला.

“तीन... चार... पाच...”

मी बॉल त्याच्याकडं दिला. तोही तसाच काखेत धरून चालला. आम्ही सगळे मोजत होतो.

“सहा... सात... आठ...”

नवव्या पावलाला आतून शिट्टी वाजली.