इस्त्रीखाली गेलेला ड्रॅगन

माझा थोरला भाऊ बोटीवर होता. सुट्टीवर येताना तो माझ्यासाठी परदेशी बंदरांतून मुलांच्या खेळातली, चमकत्या वर्खाची चित्रांची कार्डं आणायचा. त्यातलं ड्रॅगनचं कार्ड उजेडात जरा तिरकं धरलं की त्याच्या अंगावरून हिरवा-जांभळा रंग सळसळत जाई. ही कार्डं मी बिस्किटांच्या डब्यात जपली, लग्नानंतर सासरीही आणली. तेव्हा माझा धाकटा दीर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "वहिनी, रुखवतात रद्दी आणलीत काय?"

हा माणूस जन्मला नि वाढला इथेच, रत्नागिरीत मांडवीला. पुण्यात फ्लॅट घेतल्यापासून मात्र त्याची वाक्यं "तुम्हा कोकणातल्यांना" अशी सुरू होतात. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्याचा साधा फोन आला नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र फोन आला. आधी माझी तब्येत विचारली, श्वास न घेता पुढे कार्डांची. कुठेतरी तसलं जुनं कार्ड लाखाच्या वर गेल्याचं त्याने वाचलं होतं.

आठवड्याभरात तो अशा कार्डांच्या एका जाणकाराला घेऊन दारात हजर. जाणकाराने हातात पांढरे मोजे चढवले, भिंग काढलं आणि मला फर्मावलं, "पंखा बंद करा." ऐन श्रावणात, रत्नागिरीत! दोघे घामाने निथळत ड्रॅगनच्या कार्डाचे कोपरे तपासत होते. मी आणलेल्या चहाकडे जाणकाराने असं बघितलं, जणू कपात रॉकेल आहे.

"चित्र मधोमध आहे, कडा शाबूत. पण कार्ड वाकलंय," तो म्हणाला. "सपाट असतं तर भाव तिप्पट आला असता."

ते वाकणारच. दमट हवेत मागचा पुठ्ठा फुगतो, वर्ख फुगत नाही. कार्डाचं कौल होतं. उन्हाळ्यात आपोआप सरळ होतं. मी तसं सांगितलं.

"वहिनी, तुम्हा कोकणातल्यांना सगळं आपोआप व्हायला हवं," दीर म्हणाला. "इस्त्री कुठाय?"

मी जाणकाराकडे पाहिलं. तो भिंग पुसत होता.

"भाऊजी, ते कार्ड माझं आहे. ठेवा खाली."

"काही होत नाही हो!" म्हणत त्याने आतून इस्त्री आणली, कार्डावर रुमाल पसरला आणि दाबली. रुमाल उचलला तेव्हा ड्रॅगनच्या पोटावर पापडासारखे फोड आले होते. एका कोपऱ्याचा वर्ख रुमालाला चिकटून निघाला. जाणकाराने मोजे काढले. "आता याला कोणी हात लावणार नाही," म्हणाला आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या दोघांसमोर ते गाळायचं नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मी डबा बंद केला आणि कपाटाला कुलूप लावलं.

दिवाळीत सगळे जमले तेव्हा दीर सांगत होता, "वहिनींचं कार्ड इथल्या खाऱ्या हवेने खाल्लं."

"हवेने नाही, भाऊजी. तुम्ही इस्त्री फिरवलीत," मी करंज्यांचं ताट फिरवता फिरवता म्हटलं. सासूबाई खो खो हसल्या. त्याने करंजी तोंडात कोंबली.

जानेवारीत त्याने पुन्हा फोन केला. "उरलेली सांभाळून ठेवलीत ना?"

"बंबात घातली," मी कुलूपबंद कपाटाकडे बघत म्हटलं. "छान जळतात."

 फोन कट झाला. तब्येत विचारायची राहूनच गेली.