पडद्यावरची धमनी

मला साखरेचा आजार झाला तेव्हा मी चौथीत होते. पेठ वडगावात आमचं कापडाचं दुकान, वर घर. रोज सकाळ-संध्याकाळ आई मांडीत इन्सुलिन टोचायची. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. सुई घुसताना ती मान फिरवायची आणि माझ्याऐवजी स्वतःच कळवळायची.

मी सातवीत असताना निपाणीची मावशी व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा मोठा डबा घेऊन आली. "अक्का, पोरीला किती टोचतीस? ह्या दे. शिरा मजबूत हुतील, सुई सुटंल."

अव्वानं डबा कितीतरी वेळ मांडीवर धरून ठेवला. संध्याकाळी मात्र तिनं सुई भरली. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं कोल्हापूरला, राजारामपुरीतल्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

"इन्सुलिन बंद केलं नाहीत ना?" अव्वानं डबा पुढं करून मावशीचं बोलणं सांगितलं, तसं त्यांनी विचारलं.

"न्हाय की. मन हुईना."

"फार बरं केलंत. बंद केलं असतं तर दोन दिवसांत जिवावर बेतलं असतं." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "पण मावशींचं सगळंच चूक नाही. या आजारात रक्तवाहिन्या लहानपणापासूनच थोड्या ताठर होतात. फॉलिक ॲसिड नावाच्या व्हिटॅमिनानं त्या सैलावतात का, हे काही डॉक्टर तपासून बघताहेत. साखर त्यानं उतरत नाही."

"शिरा ताठल्यात का, ते दिसंल व्हय?" अव्वानं विचारलं.

दिसत होतं. शेजारच्या सोनोग्राफीच्या खोलीत मला आडवं केलं. कोपराखाली पट्टा बांधून हवा भरली. हात जड झाला, मुंग्या आल्या, मग माझा राहिलाच नाही. दंडावर गार जेल होतं. खोलीत अंधार, पंख्याची घरघर. पडद्यावर दोन फिकट काठ आणि मधे काळोखाचा पट्टा.

"ही तुझी धमनी," तिथले सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणाले.

पट्टा सुटला. बोटांत ऊब पसरत गेली आणि ते काठ, झोपेत कुणी श्वास घ्यावा तसे, हलकेच एकमेकांपासून सरकले. मी एवढी आत कुठंतरी चालूच होते, कुणाला न विचारता, वर्गात, जेवताना, झोपेतसुद्धा. अव्वा पडद्याजवळ गेली. मान न फिरवता बघत राहिली.

"पट्टा सोडल्यावर रुंदावतेय, पण हवी त्याहून जरा कमी. म्हणजे थोडी ताठर," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी फॉलिक ॲसिडची बारीक पिवळी गोळी लिहून दिली. परतताना खिडकीबाहेर ऊस मागं पळत होता आणि मला वाटत होतं, आपण त्याच अंधाऱ्या खोलीतून तरंगत चाललोय. त्या संध्याकाळी अव्वा सुई भरायला लागली, तेव्हा मी हात पुढं केला.

"अव्वा, दे. मी टोचतो."

"तुला जमतंय व्हय?"

जमलं. दुखलं तेवढंच, पण भीती नव्हती. अव्वा मोकळ्या हातांनी माझ्यासमोर बसून राहिली. मग उठून तिनं सावकाश माझी वेणी घातली.

दिवाळीनंतर पुन्हा तपासलं. या वेळी काठ जास्त सरकले. अव्वाचा चेहरा उजळला. "मग आता सुई?"

"सुई राहणार," बाई म्हणाल्या. "आणि हे गोळीनंच झालं असंही मी छातीठोक सांगणार नाही. हिची साखरही आता ताब्यात आहे. पुढं वीस वर्षांनी काय, ते आज कुणालाच ठाऊक नाही."

"असू दे," अव्वा म्हणाली, "आज बरं हाय न्हवं?"

मी कॉलेजात गेल्यावर बाईंनी गोळी थांबवली. इन्सुलिन चालूच राहिलं. मावशी दर भेटीत विचारायची, शिरा कशा आहेत. अव्वा सांगायची, "मी बघितल्यात की."