हौसाकाकूंचा फुकटचा राब

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पूजा मांडून झाली आणि मी मुळ्याचा पाला निवडायला बसले. जुडी हौसाकाकूंच्या सुनेने पाठवली होती. अर्धी निवडली आणि हात थांबला. हा पाला कुठल्या वाफ्यातला?

काकू आमच्या शेजारच्या, मध्ये फक्त कुंपण. पत्र्यावरची, वेलीच्या पानांवरची करडी धूळ त्या सुपात गोळा करायच्या आणि भाजीच्या वाफ्यात पसरायच्या. ओढ्यापलीकडे जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारी भट्टी होती, धूळ तिची. भाताची रोपं टाकण्याआधी आपण पाला-शेण जाळून राब करतो, त्याची राख मातीला देतो. काकूंच्या लेखी ही तीच राख. "आमी पाला येचून मरतो, हा राब वरनं फुकट येतो गं," म्हणून हसायच्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून माती तपासायला मीच नेली. शिसं निघालं. सांगायला गेले तेव्हा काकू मेथी धूत होत्या.

"तीन पान्यांतनं काडते मी."

"पानावरचं जाईल काकू. मुळातून वर चढलेलं कसं धुणार?"

"वास नाय, चव नाय. मंग हाय कशावरनं?"

पुढे भट्टी बंद पडली. काकूंना वाटलं, सुटलो. मी म्हटलं, मातीत मुरलेलं शिसं कुजत नाही, तिथेच राहतं.

"पावसानं डोंगर खाली येतो, आन् ही धूळ नाय जात? तुजं सायन्स मला काय खरं वाटत नाय."

पाल्यात, कंदात जास्त, शेंगेत कमी, एवढं मी वाचलं होतं. "कमी मंजे किती? वाल खाऊ का नको?" त्यांनी विचारलं. तेवढं पुस्तकात नव्हतं.

काही दिवस गेले. मग एका सकाळी वाफ्यात झेंडूची रोपं दिसली. "माजं म्हातारीचं ऱ्हाऊ दे, नातीच्या ताटात नको. फुलं कोन खातंय?" पटलं मात्र कधीच नाही. मध्येच हाक मारायच्या, "आगं, राख कदी वायट असते का?"

श्रावणात त्या गेल्या. वयाने की धुळीने, कोणी तपासलं नाही. मलाही ठरवता येत नाही.

त्या गुरुवारी मी कुंपणावरून सुनेला विचारलं, पाला कुठला. "सासूबायच्याच वाफ्यातला, ताई. माती कशी भुसभुशीत हाय. नुसती फुलं लावून काय करायचं?"

जुडी घेऊन मी उभी. त्यांच्या गाईला घालावी, तर दूध काकूंची नातच पिते. खतात टाकावी, तर पुन्हा मातीतच. शेवटी पिशवीत बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरचं दसऱ्याचं वाळकं तोरण उतरवलं. काकूंनी जाण्याआधी लावलेल्या झेंडूचं. फुलं कुस्करून बी कागदात बांधलं आणि शेजारी गेले. नात पायरीवर बसून मुळा खात होती. आधी तो तिच्या हातातून काढून घेतला. ती रडायला लागली. मग सुनेच्या हातात बी दिलं.