चारला मरणारी बॅटरी

नजरबादमधल्या आमच्या ऑफिसच्या काचा धुवायला एकजण व्हॅन घेऊन येतो. व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या आहेत, एक इंजिनाची आणि दुसरी पाणी वर चढवणाऱ्या पंपाची. दसऱ्यातल्या आयुधपूजेला इंजिनाच्या बॅटरीला त्यानं एक फूल वाहिलं होतं. पंपाच्या बॅटरीला मात्र शेवंतीचा अख्खा हार.

तिचे उपकारच तसे आहेत. चार वाजले की पंप बंद पडतो. आमचे साहेब ओरडतात, "अजून एक मजला राहिलाय!"

"बॅटरी मेली, सार. आता रात्रभर चार्जिंगला लावायला पाहिजे." चेहरा असा, की घरचंच कुणी गेलंय. साहेबांचासुद्धा आवाज खाली येतो.

परवा चहाच्या गाड्यावर मी त्याला म्हणालो, "मोठी बॅटरी घ्या की."

"दुकानदार मोठीच देत होता. मीच छोटी निवडली. मोठी संपेपर्यंत मी संपतो की, सार!" असं म्हणून त्यानं बन चहात बुडवला.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. माझ्या मोबाईलचा जीव जात आला होता, म्हणून मी ऑफिसनं दसऱ्याला भेट दिलेली पॉवरबँक जोडली.

तो पॉवरबँककडे बघत राहिला. "अय्यो, सार," एवढंच म्हणाला. चेहरा तोच, घरचं कुणी गेल्यासारखा. पण या वेळी खरा होता.