सोड्याच्या पाण्यातली वीज

बाबांच्या कपड्यांची मला किळस येते. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवून ती कमी होत नाही. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, मला खांद्यावर बसवून सिविक सेंटर फिरवणारे माझे वडील, आणि त्यांचा ओला पायजामा मी दोन बोटांत धरतो. लघवीचा तो उग्र वास डोळ्यांत चढतो. कधी कधी नुसती लघवीच नसते. मग मला उमासे येतात.

बायको सकाळीच दुर्गला कामावर जाते, त्यामुळे धुणं माझ्याकडे. हात न लावता धुण्याची मी एक युक्ती काढली होती. प्लास्टिकच्या बादलीत तळाला कपडे, वर पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, आणि आंघोळीचं पाणी तापवायचा रॉड काठीला अडकवून आत सोडायचा. उकळून घाण आपोआप सुटायची. रॉड जुना होता, त्याच्या नळीला चीर गेली होती. आंघोळीचं पाणी तापलं का बघायला बोट घातलं की मुंग्या यायच्या. घरात कुणालाच त्याचं काही वाटत नसे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. डिस्टिल्ड पाण्यात बॅटरी-बल्बला जोडलेले दोन खिळे धरले तर बल्ब लागत नाही. त्यात आम्ल टाका किंवा सोड्यासारखा क्षार टाका, लगेच लागतो. हे पदार्थ विरघळले की त्यांचे आयन सुटे होतात आणि तेच पाण्यातून वीज वाहून नेतात. वर्गात हे मी दरवर्षी दाखवतो. घरी मात्र मला फक्त माझं नाक दिसत होतं.

त्या सकाळी रॉड लावून मी हवेसाठी बाहेर उभा राहिलो. आतून बाबांचा वॉकर घासल्याचा आवाज आला. बाबा मोरीत, ओल्या फरशीवर अनवाणी, बाही वर करून बादलीकडे वाकले होते. मी धावत जाऊन स्विच बंद केला.

"बाबा, हात नका घालू."

"कावून? माहे कपडे हायेत, मीच धुतो. तुले ओकाऱ्या येतात."

"पाण्यात करंट आहे."

"तो तं रोजच असते."

"ते आंघोळीचं. ह्यात सोडा आहे. जोरात लागला असता."

त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग सांगून ठेवाचं ना बे, मास्तर. मी गेलो असतो तं तुही धुणी तरी वाचली असती."

रॉड मी फेकून दिला. आता हातानेच धुतो. पाणी गढूळ होतं, नखांत वास राहतो, जेवताना येतो. किळस तेवढीच आहे. तिच्यात आता माझी स्वतःचीही मिसळली आहे. उमासा आला की त्यांना कळू नये म्हणून नळ मोठा सोडतो.

काल खोलीतून आवाज आला, "नळ बंद कर. पानी वाया चाललं. मले तसंही आयकू येते."

मी नळ बंद केला आणि पायजामा पिळत राहिलो.